वृक्ष की माती?

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातले चौदावे सूत्र कार्य आणि कारण यांच्या अनन्यत्वाविषयी आहे. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य एक पूर्वपक्ष उभा करतात. ब्रह्म एकही आहे आणि अनेकही आहे, असे हा प्रतिपक्षी म्हणतो. झाड झाड म्हणून एक असते, फांद्यांच्या रूपाने अनेक असते. समुद्र समुद्र म्हणून एक, फेस आणि लाटा म्हणून अनेक. माती माती म्हणून एक, घट आणि परळ म्हणून अनेक. तेव्हा एकत्व आणि नानात्व ही दोन्ही खरी मानायला अडचण कोणती? भर्तृप्रपंचासारख्या भेदाभेदवाद्यांची भूमिका या मांडणीत ओळखू येते. शंकराचार्य ती फेटाळतात, पण कशी फेटाळतात ते पाहण्यासारखे आहे. प्रतिपक्ष्याच्या तीन दृष्टांतांपैकी ते उत्तरासाठी एकच उचलतात, मातीचा. छांदोग्य उपनिषद माती हेच सत्य आणि विकार केवळ नावापुरता असे सांगते, म्हणून मूळ प्रकृती तेवढी खरी, असा त्यांचा निर्णय आहे. लाटांचे काय झाले, हा विषय सध्या बाजूला ठेवू. झाडाचे काय झाले, हे मात्र विचारले पाहिजे. पूर्वपक्षाने सर्वात आधी मांडलेला दृष्टांत उत्तरात त्याच्या स्वतःच्या अंगाने तपासलाच गेलेला नाही. जे मातीला लागू तेच झाडाला लागू, असे तिथे गृहीत धरले गेले आहे.

हे गृहीत बरोबर आहे का, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राला विचारता येतो, आणि तसे विचारणे हा दर्शनशास्त्रात आगंतुकपणा ठरत नाही. न्यायसूत्रांत दृष्टांताची व्याख्याच अशी आहे की ज्या बाबतीत सामान्य माणूस आणि परीक्षक यांची बुद्धी एकसारखी असते तो दृष्टांत. मातीच्या बाबतीत परीक्षक कुंभार असेल. झाडाच्या बाबतीत तो झाड उभे-आडवे चिरून पाहणारा, अंकुराच्या टोकाशी पान कसे फुटते हे तपासणारा अभ्यासक असला पाहिजे. असा एक परीक्षक विसाव्या शतकात होऊन गेला, आणि त्याने आयुष्याच्या अखेरीला नेमका हाच एक-अनेकाचा प्रश्न हाती घेतला. किंबहुना ‘तिने’ म्हटले पाहिजे, कारण मी अ‍ॅग्नेस आर्बर यांच्याविषयी बोलतो आहे.

आर्बर 1879 साली लंडनमध्ये जन्मल्या. वडील चित्रकार होते आणि चित्र काढायला त्यांनीच मुलीला शिकवले. पुढे आपल्या ग्रंथांतली असंख्य रेखाटने आर्बर यांनी स्वतः केली. युरोपातल्या जुन्या वनौषधी-ग्रंथांचा इतिहास त्यांनी 1912 साली लिहिला, पाणवनस्पतींवर 1920 साली, एकदल वनस्पतींवर 1925 साली आणि गवतांच्या कुळावर 1934 साली ग्रंथ काढले. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजातली स्त्रियांची बाल्फर प्रयोगशाळा 1927 मध्ये बंद झाली आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात त्यांना जागा मिळाली नाही. तेव्हा त्यांनी घरातल्या एका खोलीत सूक्ष्मदर्शक मांडून काम चालू ठेवले. रॉयल सोसायटीने 1946 मध्ये त्यांना सदस्यत्व दिले, लिनियन सोसायटीचे सुवर्णपदक 1948 मध्ये मिळाले, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रयोगशाळेचे काम जवळपास थांबले आणि त्या तत्त्वज्ञानाकडे वळल्या. ‘द नॅचरल फिलॉसॉफी ऑफ प्लांट फॉर्म’ (1950), ‘द माइंड अँड द आय’ (1954) आणि ‘द मॅनिफोल्ड अँड द वन’ (1957) ही तीन पुस्तके त्यातून आली. शेवटच्या पुस्तकात स्पिनोझा आणि ख्रिस्ती गूढवादी यांच्याबरोबर हिंदू, बौद्ध आणि ताओ विचारही आहे. वरवर पाहता पान-खोडाच्या अभ्यासापासून सुरू झालेला प्रवास अध्यात्मात जाऊन संपला, असे वाटते. निवृत्तीनंतर वैज्ञानिक अध्यात्माकडे वळतात, तशातलाच हा प्रकार, असे म्हणून तो बाजूला सारणेही सोपे आहे. पण आर्बर यांच्या बाबतीत शेवटचा प्रश्न पहिल्या प्रश्नातूनच निघालेला आहे, आणि तो निघण्याचे ठिकाण म्हणजे झाडाचे पान.

पान या प्रश्नाच्या मुळाशी आले ते कवी गटे याच्यामुळे. इटलीच्या प्रवासात 1786 साली पादुआच्या वनस्पती-उद्यानात त्याने एक बुटका ताड पाहिला. 1585 साली लावलेला तो ताड आजही तिथे जिवंत आहे. बुंध्याजवळची साधी, भाल्याच्या पात्यासारखी पाने वर जाता जाता कशी चिरत जातात आणि शेवटी पंख्यासारखी होतात, हे पाहून त्याने माळ्याकडून त्या सगळ्या पायऱ्यांची पाने कापून घेतली आणि जपून बरोबर नेली. पुढच्या वर्षी पालेर्मोच्या बागेत तो आद्य-वनस्पती शोधत होता. जिच्यापासून बाकी सगळ्या वनस्पती समजतील अशी एक खरीखुरी वनस्पती या गर्दीत कुठेतरी सापडेलच, असे त्याला वाटत होते. ती सापडली नाही. 1790 साली त्याने 123 छोट्या परिच्छेदांचा जो निबंध प्रसिद्ध केला त्यात आद्य-वनस्पती नाही, रूपांतर आहे: बीजदले, पाने, निदले, पाकळ्या, पुंकेसर, फळ ही सगळी एकाच अवयवाची रूपे. कुमुदाच्या फुलात पाकळ्या आत जाता जाता अरुंद होत पुंकेसरात मिसळतात, आणि दाट गुलाबात पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. चार वर्षांनी शिलरशी झालेल्या भेटीत गटेने कागदावर ही वनस्पती काढून दाखवली, तेव्हा कांटचा अभ्यासक असलेल्या शिलरने हा अनुभव नसून कल्पना आहे असा आक्षेप घेतला. गटे दुखावला; पण आपल्या कल्पना आपल्याला डोळ्यांनी दिसतात याचा आनंदच आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. मला यात शिलरची बाजू नेहमीच अधिक मजबूत वाटत आली आहे. जे डोळ्यांना दिसते ते हे पान आणि ती पाकळी. ‘एकच अवयव’ कधीच दिसत नाही. मग ते एक आहे तरी कुठे?

गटेने 1798 मध्ये हाच सिद्धांत कवितेत मांडला. निबंध असताना कविता कशाला, याचे उत्तर केवळ हौस असे नाही. निबंधाची भाषा अवयवांना नावे देते, आणि नाव दिले की अवयव वेगळा, स्थिर आणि पुरा झालेला वाटू लागतो. रूपांतर ही काळात घडणारी गोष्ट. ती सांगायला जिच्या ओळी एकामागून एक सरकतात आणि आधीची ओळ पुढचीत वाहत येते अशी रचना अधिक जवळची. कविता इथे पुरावा नाही, आणि गटेनेही ती पुरावा म्हणून लिहिली नव्हती. वाचणाऱ्याच्या मनाला स्थिर चित्रांऐवजी बदल पाहण्याचे वळण लावणे, एवढे काम ती करते. आर्बर यांनी 1946 साली गटेच्या निबंधाचा इंग्रजी अनुवाद केला तेव्हा त्याच्याबरोबर टोबलरचे निसर्गावरचे गद्यकाव्यही घेतले, यामागे हीच जाण असावी. रेखाटन म्हणजे विचार झाल्यावर काढायचे चित्र नव्हे, रेखाटताना विचार घडतो, ही त्यांची धारणा त्याच जातीची आहे.

आता आर्बर यांनी स्वतः काय भर घातली ते पाहू. शाळेतल्या वनस्पतिशास्त्रात मूळ, खोड आणि पान असे तीन कप्पे असतात. खोड सगळ्या बाजूंनी सारखे आणि वाढीला अंत नसलेले. पान चपटे, वरची आणि खालची अशा दोन बाजू असलेले आणि ठरावीक आकाराला येऊन थांबणारे. ओळखीची खूण अशी की पानाच्या बगलेत अंकुर असतो. शेवग्याची जी डहाळी वाटते ती खरे तर एकच संयुक्त पान आहे, कारण अंकुर तिच्या बुडाशी असतो, तिच्यावरच्या पर्णिकांच्या बगलेत नसतो. कप्पे उपयोगाचे आहेत. पण शतावरीची सुईसारखी ‘पाने’ खोडाची असतात, पानफुटीच्या पानाच्या कडेला नवी रोपे फुटतात, आणि कडुनिंबाच्याच कुळातल्या, अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात वाढणाऱ्या ग्वारेयाच्या पानाच्या टोकाशी अंकुर शिल्लक राहतो नि ते पान वर्षानुवर्षे नव्या पर्णिका काढत फांदीसारखे वाढत राहते. आर्बर यांचा निष्कर्ष असा की पान म्हणजे अंशतः प्ररोह. प्ररोह म्हणजे पाने धरणारी अख्खी फांदी. पान तिचाच एक अंश, आणि त्या अंशात पूर्ण प्ररोह होण्याची ओढ असते. गटेने सगळ्याला पान म्हटले होते, आर्बर यांनी पानालाही मूळ घटक राहू दिले नाही. पान प्ररोहाकडे बोट दाखवते आणि प्ररोह पानांशिवाय असत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस जांभळी चादर पसरते, तिच्यातली ‘सीतेची आसवे’ ही फुले ज्या उट्रिक्युलेरिया प्रजातीतली, तिच्यात तर हे कप्पे पार कोलमडतात: तिला मुळे नाहीतच, आणि खोड कुठे संपते नि पान कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. 2001 साली रुटिसहाउझर आणि इस्लर या अभ्यासकांनी या वनस्पतीवर लिहिताना आर्बर यांच्याच नावाने ‘धूसर सीमांचे’ आकारशास्त्र सुचवले.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. हे सगळे सूक्ष्मदर्शकाच्या जमान्यातले अंदाज. आता जनुके हाती आहेत, मग जुन्या आकारशास्त्राची कास कशाला? उलट, जनुकशास्त्राने हा प्रश्न संपवलेला नाही, तो अधिक टोकदार केला आहे. कोएन आणि मेयरोविट्झ यांनी 1991 मध्ये फुलाच्या घडणीचे जे सूत्र मांडले ते असे: तीन गटांतली जनुके चार वलयांत वेगवेगळ्या जोड्यांनी काम करतात; पहिला गट एकटा असेल तर निदल, पहिला आणि दुसरा मिळून पाकळी, दुसरा आणि तिसरा मिळून पुंकेसर, तिसरा एकटा असेल तर स्त्रीकेसर. तिन्ही गट निकामी केले तर चारही वलयांत पानासारखे अवयव येतात. गटेचा अंदाज दोनशे वर्षांनी प्रयोगात उतरला. मात्र केवळ या तीन गटांच्या बळावर पानाची पाकळी करता येईना. त्यासाठी पुढे चौथ्या गटाचा शोध लागावा लागला. आर्बर यांच्या अंशतः प्ररोहालाही आधार मिळाला: टोमॅटोच्या कोवळ्या संयुक्त पानात, एरवी प्ररोहाच्या टोकाशीच काम करणारी जनुके पुन्हा जागी होतात. वाटाण्याच्या पानात ती होत नाहीत, तिथे वेगळे जनुक ते काम करते. म्हणजे आर्बर सरसकट बरोबर होत्या असे नव्हे. पान आणि प्ररोह यांच्यातली भिंत त्या म्हणत होत्या तेवढीच पातळ आहे, इतके म्हणता येते.

पण याच ठिकाणी मातीचा पक्ष परत येऊ शकतो, आणि अधिक बळ घेऊन. पान, पाकळी आणि मूळ यांच्या प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. मग डीएनए हीच माती, अवयव हे तिचे विकार, असे का म्हणू नये? हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घट फोडला तर माती उरते, आणि त्या मातीचा पुन्हा घट होतो. माती घटावाचून माती म्हणून टिकते. झाडातून डीएनए वेगळा काढला तर नळीत एक रेणू उरतो, पण झाड नाही, आणि त्या एकट्या रेणूपासून कोणी झाड करू शकलेले नाही. झाड पुन्हा मिळवायचे असेल तर जिवंत पेशी लागते, म्हणजे झाडाचाच एक भाग. दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी 1964 साली धोतऱ्याच्या एका जातीचे परागकोश पोषक माध्यमात वाढवले तेव्हा परागकणांपासून भ्रूण निघाले. स्टुअर्डने 1958 मध्ये गाजराच्या पेशींपासून अख्खी रोपे मिळवली होती. या प्रयोगांत ‘एक’ कुठे दिसते? सगळे विकार गाळून तळाशी उरलेल्या द्रव्यात ते दिसत नाही. प्रत्येक भागात संपूर्ण होण्याचे सामर्थ्य म्हणून ते दिसते. परागकण हा झाडाचा अत्यंत विशेष, अत्यंत ‘अनेक’ असा भाग, आणि नेमका त्याच्यातच अख्खे झाड आहे. झाडाचे एकत्व त्याच्या अनेकत्वातून वेगळे काढता येत नाही, आणि मातीच्या दृष्टांतात नेमके हेच शक्य होते. पूर्वपक्ष्याने झाड आणि माती एका ओळीत बसवली ही त्याचीच चूक. शंकराचार्यांनी ती त्याच्याविरुद्ध वापरली.

उत्क्रांतीच्या बाजूनेही एक आक्षेप असतो: साम्याचे कारण समान पूर्वज, त्यात एक-अनेकाची मीमांसा कशाला? समान पूर्वज हे आंबा आणि काजू यांच्यातल्या साम्याचे स्पष्टीकरण आहे. एकाच आंब्याच्या पानात आणि मोहोरातल्या पाकळीत साम्य का, हे समजायला त्या झाडाच्या वाढीची प्रक्रियाच पाहावी लागते. दोन्ही स्पष्टीकरणे लागतात आणि त्यांचे भांडण नाही.

इथून पुढे मात्र सावध राहायला हवे, कारण आपल्याकडे या वळणावर घसरायची सवय जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1901 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादांतले साम्य दाखवले आणि गंगेच्या तीरावर पूर्वजांनी उद्घोषलेल्या एकत्वाचे स्मरण करून व्याख्यान संपवले. बोलणारा थोर होता; पण तेव्हापासून वनस्पतींविषयी काही नवे कळले की ते आमच्या ऋषींना आधीच ठाऊक होते, हे वाक्य तयारच असते. उपनिषदातली झाडे नीट पाहिली तर हा दावा टिकत नाही. उद्दालक श्वेतकेतूला वडाचे फळ आणायला सांगतो, फोडायला लावतो, मग त्यातले बी फोडायला लावतो. आत काहीच दिसत नाही असे मुलगा म्हणतो, तेव्हा ज्या सूक्ष्माला तू पाहू शकत नाहीस त्यातूनच हा वड उभा आहे असे बाप सांगतो. हा उत्तम दृष्टांत आहे, पण दृष्टांत कळलेली गोष्ट पटवतो, न कळलेली शोधत नाही. बियाच्या आत ‘काही नाही’ हे उद्दालकाच्या कामाचे होते. भिंग घेतलेल्या माणसाला तिथे भ्रूण दिसतो आणि त्याचे काम तिथून सुरू होते. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ तर असंगाच्या शस्त्राने तोडण्यासाठीच आहे, आणि ज्ञानदेवही त्याला मुळातच मिथ्या म्हणून त्याचे मूळ शोधण्याची खटपट निरर्थक ठरवतात. आर्बर यांचे शस्त्र वस्तरा होता आणि झाड खरे होते. उलट दिशेचा दावाही तितकाच चूक: पान आणि पाकळी एक आहेत म्हणून जगाच्या मुळाशी एक तत्त्व आहे, असे सिद्ध होत नाही. आर्बर यांनीही ते सिद्ध झाल्याचा आव आणलेला नाही. स्पिनोझाची एक भूमिका अशी आहे की एकेक वस्तू जितकी अधिक समजते तितका ईश्वर अधिक समजतो. आर्बर यांची वाट मला त्याच अंगाची दिसते, वस्तूंना वगळून नव्हे तर वस्तूंतून जाणारी.

मग झाडाच्या अभ्यासाने तत्त्वज्ञानाला नक्की काय मिळाले? थोडेच, पण ठोस. एकच वस्तू एकाच वेळी एक आणि अनेक असणे हा व्याघात आहे, म्हणून भेदाभेद मुळातच अशक्य, असा युक्तिवाद सतत केला जातो. झाड हा त्याला प्रत्यक्षातला प्रतिवाद आहे. यावर अद्वैती म्हणेल की झाडही व्यवहारातलेच, परमार्थाविषयी ते काही सांगत नाही. मान्य. पण माती आणि घटही व्यवहारातलेच. व्यवहारातला एक दृष्टांत ग्राह्य आणि दुसरा अग्राह्य असे ठरवायचे असेल तर त्याचे कारण दृष्टांताबाहेर शोधावे लागेल, श्रुतीत किंवा अनुभवात. शंकराचार्यांपाशी ते कारण आहे, आणि त्याच भाष्यात ते देतातही: नानात्व खरे असेल तर एकत्वाच्या ज्ञानाने ते जाणार नाही, आणि ते गेले नाही तर त्या ज्ञानाने मोक्ष मिळणार नाही. वाद तर्काचा किंवा दृष्टांताचा नव्हता, मोक्ष म्हणजे काय याचा होता. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’त जगाचे कारण म्हणून अज्ञानाचेच खंडन आहे आणि दिसणारे जग हा त्या एकाचाच विलास ठरतो, तिथे अनेकाने नाहीसे होण्याची गरजच उरत नाही. या दोहोंपैकी एकाची निवड वनस्पतिशास्त्र करून देणार नाही. परंतु शंकराचार्यांचे ते भाष्य शिकवताना वृक्षाचा पूर्वपक्ष दोन ओळींत निकालात काढण्याची जी पद्धत आहे, ती आता सोडली पाहिजे. मातीचे उत्तर झाडाला लागू पडत नाही.